विद्यापीठाचे नियतकालिक सामान्य वाचकासाठी काढताना: प्रश्न ठरवण्यापासून अंक वाचनालयात पोहोचेपर्यंत

आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी प्रादेशिक इतिहासावर, स्थानिक राजकारणावर, पाणी-शेती-सहकारावर प्रबंध तयार होतात. ज्या तालुक्यावर प्रबंध लिहिला जातो त्या तालुक्यातल्या माणसांपर्यंत मात्र तो क्वचितच जातो. ही दरी भरायचे साधन आपल्याकडे जुने आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, तेव्हा शिकवणारा माणूस आणि संपादक एकच होता. आज विद्यापीठाकडे विभाग आहेत, ग्रंथालय आहे, छापखान्याचा खर्च उचलण्याची ऐपत आहे. कमी पडते ती वाचकाचा विचार करून अंक बांधण्याची सवय.

हा लेख तशा नियतकालिकाचे काम अंगावर घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी, संशोधक विद्यार्थ्यांसाठी आणि गावोगावच्या अभ्यासकांसाठी आहे. नुसते नियम सांगून काही हाती लागत नाही, म्हणून सबंध लेखात एकच उदाहरण घेतो: शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतून, कृष्णा-पंचगंगेच्या पुरावर एक अंक काढायचा आहे असे समजू. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोकांच्या आठवणीत ताजे आहेत, कागदपत्रे भरपूर आहेत आणि विषयात इतिहास व सार्वजनिक कारभार एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिले काम: प्रश्न ठरवा

‘कृष्णा खोऱ्यातील पूर: एक अभ्यास’ हे अंकाचे नाव होऊ शकत नाही. तो विषय झाला, आणि विषयावर लेख मागवले की प्रत्येक जण आपल्या कपाटातला जुना निबंध पाठवतो. प्रश्न असा हवा की ज्यावर लोक आधीच वाद घालत आहेत. सांगलीत पाणी चढले की चहाच्या गाड्यावर विचारले जाते: पाणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे थांबले का? कोयना धरणातून आधीच का सोडले नाही? नदीपात्रात कुणी भर टाकली? आमच्या आजोबांच्या काळात एवढे पाणी येत होते का?

यातला शेवटचा प्रश्न इतिहासाचा आहे आणि पहिले तीन कारभाराचे. अंक उभा करायला हे चार प्रश्न पुरेसे आहेत. प्रत्येक लेखकाला काम देताना विषय न सांगता यातला एक प्रश्न द्या आणि त्याच्याकडून लेखाआधी अर्ध्या पानाचे टिपण घ्या: तुमचे उत्तर काय, ते कशाच्या आधारावर, आणि कुठला कागद सापडला तर तुम्ही उत्तर बदलाल. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचा लेख बहुधा आधीच ठरलेल्या मताची वकिली असतो.

परिसर कुठे संपतो ते ठरवा

विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जिल्ह्यांच्या हद्दीवर ठरते, इतिहास तसा चालत नाही. कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते, कराडला कोयना तिला मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, आणि पुढे ती कर्नाटकात जाते. चिकोडी-अथणीकडचा शेतकरी हा या अंकाचा वाचकही आहे आणि साक्षीदारही. त्याला वगळून काढलेला पूर-अंक अर्धवट राहील.

कागदपत्रे शोधतानाही हीच अडचण येते. सांगली, मिरज, कोल्हापूर ही संस्थाने होती. सांगली-मिरज १९४८ मध्ये तर कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ ते १९६० या काळात आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. त्यामुळे पन्नासच्या दशकातला सरकारी अहवाल ‘सांगली’ या नावाखाली शोधत बसलात तर हाताला काही लागणार नाही. वाळवा, तासगाव, शिराळा यांचे त्याआधीचे कागद साताऱ्याच्या दप्तरात, तर सांगली शहराचे संस्थानी दप्तरात. अंकाच्या पहिल्या बैठकीतच असा एक तक्ता करून सगळ्या लेखकांना द्या: कोणते गाव, कोणत्या काळात, कुणाच्या अमलाखाली. एका संध्याकाळचे काम आहे, आणि पुढची कित्येक महिन्यांची वणवण वाचते.

साधने: कुठे जायचे आणि काय मागायचे

सुरुवात जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथांपासून करा. साताऱ्याचा खंड १८८५ चा, कोल्हापूरचा १८८६ चा. नद्या, पिके, दुष्काळ, पेठा, रस्ते यांची माहिती तिथे एकत्र मिळते. मात्र ती साम्राज्याच्या महसुली गरजेतून गोळा केलेली आहे हे विसरू नका. गावकऱ्याला पुराने काय भोगावे लागले यापेक्षा शेतसारा किती माफ झाला याची नोंद तिथे जास्त नेमकी मिळेल.

त्यानंतर पुराभिलेखागार. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. आपल्या उदाहरणासाठी कोल्हापूरचे संस्थानी दप्तर आणि पुण्याचे पेशवे दप्तर ही दोन ठिकाणे महत्त्वाची. पहिल्यांदा जाताना विद्यापीठाचे पत्र आणि ओळखपत्र न्या, आणि ‘पुराबद्दल काही आहे का’ असे विचारू नका. दप्तर विषयाप्रमाणे लावलेले नसते. महसूल सूट, तगाई (शेतकऱ्यांना सरकारी कर्ज), बांधकाम खाते, घाटदुरुस्ती, नदी उताराची होडी अशा शीर्षकांखाली पूर दडलेला असतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कागद मोडी लिपीत असणार. चमूत एक मोडी वाचणारा हवाच. नसेल तर मोडीचे वर्ग घेणाऱ्या संस्थांकडून माणूस मिळवा आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात धरा. ‘मोडी येणारे एक काका आहेत, ते करून देतील’ अशा भरवशावर अंक काढू नये. त्यांच्या कामाचे पैसे आणि श्रेय दोन्ही द्यावे.

तारखांपाशी जरा थांबतो, कारण सामान्य वाचकासाठी लिहिताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे आले तर तो सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरातली अरबी अंकशब्दांत लिहिलेली कालगणना आहे. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, मिळून ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. म्हणून त्या वर्षातल्या जून ते डिसेंबरच्या नोंदीला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या नोंदीला ६००. म्हणजे जून १७६० ते मे १७६१. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच वर्षातली. फसली, म्हणजे महसुलाच्या हिशोबाच्या, सनाला याच रीतीने ५९० किंवा ५९१ मिळवतात. शकाला ७८, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. पुराच्या अभ्यासात हे जपावेच लागते, कारण सुहूर आणि फसली वर्ष बदलते तेच पावसाळ्याच्या तोंडाशी. एका वर्षाची चूक झाली की एकाच पुराचे दोन पूर होतात. लेखात मूळ सन आणि इसवी सन दोन्ही छापा. वाचकाला त्रास होत नाही, उलट पडताळायची सोय होते.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली हा तिसरा साठा. ‘केसरी’, ‘सकाळ’, ‘पुढारी’ यांचे जुलै-ऑगस्टचे अंक वर्षावार चाळा. कोल्हापूरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत, विशेषतः करवीर नगर वाचन मंदिरात (स्थापना १८५०), विचारणा करा. हे काम लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. ज्या नदीचा इतिहास लिहायचा तीच नदी त्याची साधने नेते, म्हणून जे दिसेल त्याची परवानगी घेऊन छायाप्रत तिथल्या तिथे काढा.

आणि एक साधन असे की जे अभिलेखागारात मिळणार नाही. नरसोबाच्या वाडीला पाणी चढले की ते दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या वेळी स्नानाला गर्दी होते, त्यामुळे वर्तमानपत्रात बातमी येते. प्रत्येक सोहळा म्हणजे पाणी एका ठरावीक उंचीला पोहोचल्याची नोंद. वेगवेगळ्या वर्षांच्या तारखा गोळा केल्या तर भक्तांच्या आठवणीतून पुराची एक मालिकाच हाती येते. प्रादेशिक इतिहास लिहिणाऱ्याने अशी साधने ओळखायला शिकले पाहिजे. कोल्हापुरात ‘सुतारवाड्यात पाणी शिरले’ आणि सांगलीत ‘सूर्यवंशी प्लॉटमधली घरे हलवली’ या बातम्याही तशाच वाचता येतात. फक्त मधल्या काळात मंदिराचा चौथरा, घाट किंवा रस्ता उंच केला आहे का, हे तपासून घ्या.

माणसांकडून माहिती घेताना

‘पूर केवढा आला होता?’ याचे उत्तर ‘लई मोठा’ असेच येणार. विचारा: पाणी कुठल्या पायरीला होते? मारुतीच्या देवळाच्या चौथऱ्याला लागले का? गोठ्यातली जनावरे कुठे नेली? कुणाच्या माडीवर राहिलात? वर्ष आठवत नसेल तर घरातल्या घटनेला धरून विचारा: थोरल्याचे लग्न आधी झाले की नंतर, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आधीचा की नंतरचा, बहात्तरचा दुष्काळ पाहिला तेव्हा हे घर होते का. मग टेप घ्या, त्या पायरीची उंची एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून मोजा, छायाचित्र काढा आणि चिठ्ठीवर गाव, दिशा, मोजमाप लिहा.

बायकांशी वेगळे बोला, आणि शक्यतो मुलाखत घेणारीही बाई असू द्या. धान्याची कणगी कशी हलवली, चुलीचे काय झाले, निवारा केंद्रात बाळंतीण कुठे झोपली, पाणी उतरल्यावर गाळ किती दिवस काढला, हे घरातला पुरुष सांगत नाही. मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात मजुरीला जाणाऱ्या, नदीकाठच्या उताराला घर असलेल्या, गावठाणात कधी जागाच न मिळालेल्या कुटुंबांकडे आधी जा. पाटलाच्या वाड्यातून दिसणारा पूर आणि तिथून दिसणारा पूर सारखा नसतो.

संमती लेखी घ्या, पण आधी समजावून सांगा: नाव छापू का, आवाज जपून ठेवू का, छायाचित्र छापू का. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. अंक निघाल्यावर एक प्रत त्यांच्या हातात नेऊन द्या. हे पाळले नाही तर पुढच्या वर्षी त्या गावात विद्यापीठाच्या माणसाला कुणी दारात उभे करणार नाही, आणि ते योग्यच होईल.

सार्वजनिक कारभाराचा भाग

इथे संपादकाची खरी कसोटी लागते. जे आकडे वर्तमानपत्रात रोज येतात तेच वाचकाला समजत नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये कोल्हापुरात पाणी ५५ फुटांच्या वर आणि सांगलीत ५७ फुटांच्या वर गेले. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘सांगलीत दोन फूट जास्त पूर होता’ असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणच्या मोजपट्टीचे शून्य वेगळे आहे. एका ठिकाणच्या आकड्याची तुलना त्याच ठिकाणच्या दुसऱ्या वर्षाशीच करायची. हे एक वाक्य चौकटीत छापले तरी अंकाने मोठे काम केले.

क्युसेक आणि टीएमसी यांचेही तसेच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. कोयनेचा साठा साधारण १०५ टीएमसीचा, म्हणजे त्या वेगाने एका दिवसात त्याचा जेमतेम बारावा भाग उतरतो. ‘धरण आधीच रिकामे का केले नाही’ या प्रश्नावर मत बनवण्याआधी एवढे गणित वाचकाकडे असावे. पुढचे मत त्याचे त्याला बनवू द्या.

वादाच्या लेखात दोन्ही बाजूंचे कागद मांडा. कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि महाराष्ट्रातून तिला विरोध होत आला आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. हे तीन कागद तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात: पाणी कुणाचे, धरण किती उंच, पूर कशाने. सभेत ते एकत्र कालवले जातात. अंकात ते सुटे करून दाखवा. पूररेषेचेही स्पष्टीकरण द्या: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि मग नकाशावर त्या रेषांच्या आत कधी, कुणाच्या परवानगीने बांधकाम झाले हे शोधणाऱ्या लेखाला अंकात सगळ्यात जास्त पाने द्या.

त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘पुराची सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता ‘अमुक ठिकाणच्या पाणीपातळीच्या नोंदवहीची १ जुलै ते ३१ ऑगस्ट या काळातील प्रत’ असे मागा. अपिलाचा वेळ धरून अंकाच्या सहा महिने आधी अर्ज टाका.

प्रबंधाची भाषा उतरवणे

लेख हातात येतो तेव्हा बहुधा असा असतो:

‘प्रस्तुत संशोधनामध्ये नदीकाठावरील वसाहतींच्या अवकाशीय विस्ताराच्या प्रक्रियेचा पूरप्रवणतेच्या अनुषंगाने ऐतिहासिक परिप्रेक्ष्यात आढावा घेण्यात आलेला असून सदर विस्तार हा आपत्तीच्या तीव्रतेस कारणीभूत ठरल्याचे निदर्शनास येते.’

यात काय म्हटले आहे ते लेखकाला समोर बसवून तोंडी विचारा आणि तो बोलेल ते लिहून घ्या:

‘जुनी माणसे पांढरीत राहायची आणि काळीत पिकवायची. पांढर उंचवट्यावर. पुढे रस्ता झाला, दुकाने रस्त्याला आली, दुकानामागे घरे आली आणि वस्ती उतरत उतरत काळीत गेली. पाणी पूर्वीही तिथवर येत होते. तेव्हा तिथे ऊस होता, आता बालवाडी आहे.’

दुसऱ्या मजकुरात पहिल्यातले काहीही गळलेले नाही. उलट दावा जास्त उघडा पडला आहे: पाणी पूर्वीही तिथवर येत होते हे आता पुराव्याने दाखवावे लागेल. सोपे लिहिल्याने विद्वत्ता कमी होते ही भीती निराधार आहे. कर्मणी प्रयोगाच्या आड लपलेला कर्ता बाहेर आला की लेखक आणि त्याचा पुरावा दोघेही वाचकासमोर उभे राहतात. ‘परवानगी देण्यात आली’ असे दिसले की समासात लिहा: कुणी दिली?

तळटिपांची दाटी काढून आधार वाक्यातच आणा: ‘१८८५ च्या गॅझेटियरमध्ये’, ‘संस्थानच्या बांधकाम खात्याच्या पत्रात’. सविस्तर संदर्भ शेवटच्या पानावर बारीक टायपात राहू द्या. ज्याला पडताळायचे तो तिथे जातो.

प्रत्येक लेख दोघांनी तपासावा. एक त्या विषयाचा जाणकार, दुसरा सरळ वाचक: तालुक्यातला शिक्षक, ग्रंथपाल, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कर्मचारी. दुसऱ्याला फक्त एवढेच सांगा की जिथे थांबावेसे वाटले तिथे रेघ मारा. तज्ज्ञाच्या चार पानी अभिप्रायाइतकेच त्या रेघांना वजन द्या.

चित्रे, नोंदणी, छपाई

जुन्या छायाचित्रांवर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क असतो. घरच्या अल्बममधले चित्र मालकाने दिले म्हणजे हक्क मिटला असे होत नाही. नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आधाराला घ्या.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो. नोंदणीबाबत आधीच स्पष्टता करून घ्या: १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्यात शुद्ध शैक्षणिक नियतकालिके ‘नियतकालिक’ या व्याख्येत येत नाहीत, पण सार्वजनिक घडामोडींवर भाष्य करणारे प्रकाशन येते. आपले नियतकालिक दोन्हींच्या मध्ये उभे आहे, म्हणून विद्यापीठाच्या विधी कक्षाचे लेखी मत घ्या.

पाने सोळाच्या पटीत ठेवा, फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) वाया जात नाही. ८० किंवा ९६ पानांत असा अंक चांगला बसतो. मजकूर युनिकोडमध्येच घ्या आणि शेवटपर्यंत तसाच ठेवा. जुन्या टंकांत जुळणी केलेली पीडीएफ शोधयंत्राला वाचता येत नाही, मग अंक संकेतस्थळावर असूनही सापडत नाही.

केव्हा काढायचा आणि कुठे द्यायचा

दिवाळीच्या गर्दीत हा अंक नको. पूर-अंक मेच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयात पडला पाहिजे, म्हणजे जुलैत लोकांच्या तोंडी त्यातले आकडे असतील. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यापाड्यांत अनुदानित वाचनालयांचे जाळे आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडून यादी घ्या आणि नदीकाठच्या गावांपासून सुरुवात करा. ग्रामपंचायत, हायस्कूल, सहकारी सोसायटी, मंदिराचे विश्वस्त मंडळ यांनाही प्रत जाऊ द्या. शिरोळ, पलूस, करवीर, वाळवा इथे एकेक वाचनसभा घ्या. लेखक येऊन बसेल, पण भाषण करणार नाही. लोक प्रश्न विचारतील आणि चुका दाखवतील.

त्या दुरुस्त्या पुढच्या अंकात दुसऱ्याच पानावर छापा, गावाच्या नावासह. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, मोजमापांच्या चिठ्ठ्या, मोडी कागदांची लिप्यंतरे आणि माहिती अधिकारात आलेल्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखलअंक देऊन जमा करा. यादी संकेतस्थळावर टाका, आणि संच पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर ठेवायला सांगा.